यादी लागेपर्यंत

१४ ऑक्टोबर, बुधवार

वार्षिक तपासणीत डॉक्टर बाईंनी विचारलं, झोप नीट लागते का, आणि मी खरं सांगून बसलो. गोळ्या लिहून दिल्या तर इंजिनावर चढू देणार नाहीत, म्हणून त्यांनी दुसरा उपाय सांगितला. डोक्यात जे घोळतंय ते झोपायच्या आधी वहीत उतरवा. म्हणून ही वही. कुणी वाचणार नाही, तेव्हा हिच्यात तरी खोटं लिहायचं कारण नाही.

घोळतंय ते असं. मी लोणावळ्यात सहायक लोको पायलट. कर्जतहून घाट चढून येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जी इंजिनं लावतात, त्यांच्यावर माझी ड्युटी. घरी मी आणि आई. गाव तिकोणा पेठ, पण वडील गेल्यापासून रेल्वेच्या क्वार्टरमध्येच राहतो. परंदवडीच्या प्रेरणाशी माझं लग्न ठरलं त्याला दीड वर्ष झालं. अजून साखरपुडासुद्धा नाही, कारण प्रेरणा नौदलात अग्निवीर आहे. कारवारला जहाजावर इंजिनरूममध्ये काम करते. चार वर्षांची नोकरी, त्या काळात लग्न करता येत नाही. जानेवारीअखेर चार वर्षं संपतात. मग ती घरी येणार आणि बार उडणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

आज तिचा फोन आला. तिने कायम होण्यासाठी अर्ज भरलाय. चौघांतला एक ठेवतात. निवड झाली तर आणखी पंधरा वर्षं.

"तुला चालेल ना?" तिने विचारलं.

"तुझी इच्छा," मी म्हणालो.

"माझी इच्छा मला माहीत आहे. तुझी विचारतेय."

तेवढ्यात क्रू बुकिंगचा फोन वेटिंगवर आला. ड्युटीचा कॉल म्हटल्यावर घ्यावाच लागतो. नंतर बोलू म्हणून ठेवला. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवस विचार करतोय. मी काही जुन्या वळणाचा नाही. बायकोने नोकरी करावी, जरूर करावी. पण माझी ड्युटी कशी आहे ते बघायला नको? कधी पहाटे चारला साइन ऑन, कधी दुपारी दोनला. घरी यायची वेळ ठरलेली नाही. आई माझ्या फोनची वाट बघत बसते आणि मी साइन ऑफ झालो म्हटलं की तवा ठेवते. तिचे गुडघे गेलेत. असल्या नोकरीच्या माणसाच्या घरात कुणीतरी कायम असावंच लागतं. दोघंही ड्युटीवर म्हटल्यावर घर चालणार कसं? हे प्रेरणाला समजावून सांगायला हवं. फक्त फोनवर नाही, समोरासमोर.

ती स्वतःच कंटाळली असेल असं मला वाटतं. काल वॉच संपवून फोन केला तिने. वॉच म्हणजे त्यांची पाळी, चार तासांची, मग थोडी विश्रांती, मग परत. आवाज झोपेने जड झाला होता. एक पंप गळत होता आणि वरिष्ठांना सापडेना ते हिला सापडलं, हेच दहा मिनिटं सांगत होती. कुठला वॉशर, कुठला नट, हाताला तेल किती लागलं. मध्येच हसत होती. एवढं दमल्यावर माणूस असंच काहीबाही बोलतं. मी म्हटलं, झोप आता.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज प्रेरणाने नियम नीट सांगितला. नुसती चार वर्षं नाही. कायम निवडीची यादी लागेपर्यंत अविवाहित राहावं लागतं. आधी लग्न केलं की अर्ज बाद, मग परीक्षेत कितीही मार्क पडलेले असोत. यादी जानेवारीत. म्हणून आत्ता फक्त साखरपुडा, लग्न उन्हाळ्यात.

"तुझ्या घरी हे सांगशील? मामांना पण," ती म्हणाली. मामा म्हणजे माझे हौशीराममामा. हे स्थळ त्यांनीच आणलं आणि आमच्या घरातला शब्द त्यांचाच असतो.

"सांगतो."

"आज सांग."

आई तेव्हा भाजी निवडत होती. तोंड उघडलं होतं मी. पण तिने आधीच सुरू केलं की शेजारच्या क्वार्टरमध्ये नवी सून आली, तर घर कसं भरल्यासारखं दिसतं. "आपल्याकडं बी येत्या चैतापातुर यील म्हना," असं म्हणाली. अशा वेळी नियमाचा विषय काढायचा तर अर्जाचं आणि पंधरा वर्षांचंही सांगावं लागणार. तिला बीपी आहे. एखादा बरा दिवस बघून सांगेन.

१ नोव्हेंबर, रविवार

हौशीराममामा आले होते. साखरपुड्याची तारीख काढली. एकोणतीस नोव्हेंबर, परंदवडीला, त्यांच्या घरासमोर मांडव घालून. प्रेरणाला दहा दिवसांची रजा मंजूर झालीय.

मामांचा आवडता विषय म्हणजे साखरपुड्यातच लग्न. साखरपुड्याला दोन्हीकडचे पाहुणे जमलेलेच असतात, भटजी असतात, जेवण असतं. मग मामा उठतात, माईक घेतात आणि म्हणतात, पुन्हा वेगळं लग्न कशाला, आजच अक्षता टाकू. सगळे टाळ्या वाजवतात आणि दोन तासांत लग्न लागतं. आतापर्यंत अशी सात लावलीत त्यांनी. एकदा तालुक्याच्या पेपरात फोटोही आला होता, तो ते पाकिटात घडी घालून ठेवतात.

आज बोलता बोलता मी एवढंच म्हणालो की प्रेरणाला रजा फार अवघड मिळते, ही दहा दिवसांची झाली की पुन्हा कधी ते सांगता येत नाही. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले. "म्हंजी पोरीला दोनदा यायाला लावायचं आपल्याला बी बरं न्हाई," म्हणाले. मी काही बोललो नाही. नियमाचं सांगायला ही वेळ बरी होती, हे नंतर लक्षात आलं. पण ते निघायच्या घाईत होते.

९ नोव्हेंबर, सोमवार

प्रेरणाने विचारलं, सांगितलंस का. मी म्हटलं दिवाळीत घर कामात आहे, जरा निवांत झालं की सांगतो. ती म्हणाली, "सत्यम, एक वाक्य आहे." एक वाक्य आहे हे खरंच. पण त्या वाक्यामागून पन्नास वाक्यं येतील, ती मला ऐकावी लागणार, तिला नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

सहा दिवस झाले, फोन नाही. जहाज समुद्रात गेलं की रेंज नसते, माहीत आहे. तरी दर दहा मिनिटांनी फोन बघतो. इंजिनावर फोन बंद ठेवावा लागतो, तेवढीच शांतता. जेवण जात नाही. असली पंधरा वर्षं काढायची म्हणजे काय, याची जणू ही रंगीत तालीम चाललीय. आज स्पष्ट लिहितो. तिची निवड होऊ नये असं मला वाटतं. वाईट वाटतं तसं वाटल्याचं, पण वाटतं. तसंही चौघांतला एकच ठेवतात, तिघं गळतात, तेव्हा माझ्या वाटण्याने काही फरक पडत नाही.

आई आज तळेगावला जाऊन खरेदी करून आली. साडी, हिरवा चुडा आणि मुंडावळ्या.

"साखरपुड्याला मुंडावळ्या कशाला?" मी विचारलं.

"हौशीरामानं आनायला सांगितल्यात. असूंद्या म्हनला जवळ."

मी पुढे विचारलं नाही. आंघोळीला गेलो. ड्युटी होती.

२५ नोव्हेंबर, बुधवार

प्रेरणा आली. मी तळेगाव स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. केस खांद्यापर्यंत कापलेत, हाताला एक भाजल्याची खूण आहे. पाठीवर मोठी बॅग, मी घेतो म्हटलं तर दिली नाही. चालताना आता ती माझ्यापुढे जाते, मला पाय उचलावे लागतात.

टपरीवर चहा घेतला. परीक्षा, धावणं, सगळं चांगलं झालंय. वरिष्ठांनी शेरा चांगला दिलाय. हे सांगताना ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती आणि मला पहिल्यांदा कळलं की तिलाही धाकधूक आहे. मला वाटत होतं ती मलाच आहे.

"घरी सांगितलंस ना सगळं?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, सांगितल्यासारखंच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. माझ्या बाबांना मी सांगितलंय, पण ते तुमच्या मामांपुढे तोंड उघडत नाहीत. मुलीकडचे ना. तुझ्याकडून गेलेलं असलं की झालं."

आज आणि उद्या मिळून सांगून टाकतो. चार दिवस आहेत.

२८ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस ड्युटी लागोपाठ. आज विश्रांतीचा दिवस, पण घरात पाहुणे. आई पुरणाच्या पोळ्यांत. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद कित्येक वर्षांत बघितला नाही. उद्या सकाळी मामांना बाजूला घेऊन सांगेन.

२९ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

मांडवात दीडशे माणूस. साडेअकराला टिळा, मग अंगठ्या घालायच्या होत्या. मामा सकाळपासून आचाऱ्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांच्या मागे, बाजूला घ्यावं असा क्षण सापडला नाही. एकदा गेलो जवळ. ते म्हणाले, "तू पाटावर बस बाबा, नवरदेवानं फिरायचं नसतंय." मी बसलो.

अंगठ्यांच्या आधी मामांनी माईक घेतला. काय बोलणार ते मला पहिल्या शब्दाला कळलं. पाहुणे जमल्यात, देवाधर्माची मानसं हायत, पोरगी देशसेवेला आसती, तिला परत परत सुट्टी मिळत न्हाई. तर आज ह्याच मांडवात अक्षता टाकाव्यात, असा इचार हाय. टाळ्या पडल्या. आमच्याकडच्या बायका उठून चुड्याची पिशवी आणायला लागल्या. भटजींनी अंतरपाट आणलेलाच होता, म्हणजे त्यांना आधीच सांगितलेलं.

प्रेरणाचे वडील, बजरंगभाऊ, खांबाला धरून उभे होते. कंपनीत पॅकिंगला असतात, अबोल माणूस. ते एवढंच म्हणाले, "पर तिच्या नोकरीचं काय तरी हाय..."

"नोकरीला काय हुतंय," मामा म्हणाले. "नोंदनी करायची न्हाई आत्ता. कागदाव येत न्हाई तवर सरकारला कुटं कळतंय? उन्हाळ्यात कागद करू."

लोक हसले. कुणी म्हणालं, बरोबर हाय. बजरंगभाऊंनी माझ्याकडे बघितलं. आणि प्रेरणाने बघितलं.

मी तेव्हा काय करत होतो? पाटाच्या कडेची रांगोळी बघत होतो. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. माझ्या मनात आलं, होऊन जाऊ दे. मी काही केलेलं नाही, मामांनी केलं. दोन तासांनी सगळं संपलेलं असेल, यादीची काळजी नाही, कारवार नाही. उद्यापासून झोप लागेल. छाती धडधडत होती, पण त्या धडधडीत थोडा आनंदही होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मुंडावळ्या माझ्या कपाळाला लागल्या तेव्हा प्रेरणा उठली. तिने मामांच्या हातातला माईक ओढून घेतला नाही, मागितला. "मामा, द्या जरा," म्हणाली, आणि त्यांनी दिला.

"आज लग्न लागलं तर माझा अर्ज बाद होतो. यादी लागेपर्यंत मी अविवाहित आहे, असं मी लिहून दिलंय. नोंदणी नसली तरी लग्न झालेलं असेल आणि मला ते माहीत असेल. मी खोटी सही करणार नाही." आवाज कापत होता, पण थांबली नाही. "हे यांच्याकडे मी महिन्यापूर्वी कळवलंय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. आईनेही. मी म्हणालो, "सांगणारच होतो."

मग बजरंगभाऊ पुढे आले. त्यांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "साकरपुडा बोललोय, साकरपुडाच हुईल. अंगठ्या घाला. आनि पंगती बसवा, समद्यांनी जेवून जायाचं."

अंगठ्या घातल्या. तिचं बोट गार होतं. मामा न जेवता गेले.

३० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर एकच विचार. ती दोन मिनिटं थांबली असती तर मी बोललोच असतो. अगदी बोलणारच होतो. भर मांडवात तिने 'महिन्यापूर्वी कळवलंय' म्हणायला नको होतं, माझ्या आईसमोर. पण ठीक आहे, मी ते मनावर घेणार नाही. तिची घाई समजू शकतो.

आई काल परत येताना गाडीत बोलली नाही. आज विचारलं, "महिनाभर ठावं हुतं तुला?" मी म्हणालो ड्युट्यांमुळे राहून गेलं. तिने ताट वाढलं आणि बाहेर जाऊन बसली.

४ डिसेंबर, शुक्रवार

प्रेरणा गेली. मला सकाळची ड्युटी लागली, स्टेशनवर जाता आलं नाही. दुपारी गाडीतून तिचा फोन आला. "तुम्ही जेवलात का," असं विचारलं. आतापर्यंत फोनवर अरे-तुरे करायची. साखरपुडा झाल्यावर आपोआप मान येतो माणसाच्या बोलण्यात. मला जरा बरं वाटलं.

बाकी विशेष बोलली नाही. मांडवातल्या प्रकाराचा विषय काढला नाही, म्हणजे तिच्याही मनातून गेलं असावं. मीही काढला नाही.

१३ डिसेंबर, रविवार

आज घाटात सिग्नलला पाऊण तास उभे होतो. माझे लोको पायलट जानूभाऊ, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. त्यांनी विचारलं, चेहरा असा का उतरलाय. सगळं सांगितलं. वाटलं ते म्हणतील, होतं असं.

ते समोर बघतच म्हणाले, "सिग्नल दिसला की तू काय करतोस?"

आमच्या कामात सहायकाने सिग्नल दिसताक्षणी मोठ्याने पुकारायचा असतो, मग पायलट तोच परत म्हणतो. दोघांनी म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी म्हणालो, पुकारतो.

"मला दिसलेला असला तरी?"

"तरी."

"मग तिथं काय धाड भरली होती तुला? त्या मांडवात ज्याला आधीपासून सगळं दिसत होतं तो तू एकटा."

मला राग आला. रेल्वेचं काम वेगळं आणि घरचं वेगळं, घरात माणसांची मनं सांभाळावी लागतात. असं म्हणालो त्यांना. ते म्हणाले, "परंदवडीला जाऊन ये. बजरंगला सांग, मला माहीत होतं म्हणून." मग सिग्नल पडला.

१९ डिसेंबर, शनिवार

विश्रांतीचा दिवस होता. परंदवडीला जायला लोणावळ्याहून लोकलने तळेगाव, पुढे रिक्षा. तासाभराचं काम. कपडेही घातले होते. मग वाटलं, घाई कशाला. यादी तर लागू दे. निवड झाली नाही तर ती घरी येईल, लग्न होईल, मग जुनं उकरून काय करायचं? आणि निवड झाली तर तेव्हा जाऊन बोलू, तेव्हा सगळे आनंदात असतील, ऐकून घेतील. दोन्हीकडून बघितलं तरी यादीनंतर जाणंच शहाणपणाचं. आईने विचारलं, कुठं निघालास? म्हटलं, कुठं नाही.

२७ डिसेंबर, रविवार

प्रेरणाचा आठवड्यात एक फोन, ठरलेल्या वेळी. हवापाणी, आईचे गुडघे, माझ्या ड्युट्या. आज तिने एकदम विचारलं, "बाबांकडे गेला होतात का कधी?"

"नाही. का?"

"सहज."

तिच्या वडिलांची तब्येत बरी नाही की काय, या काळजीने दुपारभर झोप नाही. शेवटी बजरंगभाऊंना फोन लावला. ते ठणठणीत होते. "काय काम काडलं?" म्हणाले. मी म्हणालो, काही नाही, सहज. ते थोडे थांबले, जणू मी आणखी काही बोलेन. मग म्हणाले, "बरं."

२ जानेवारी, शनिवार

यादी कधीही लागेल म्हणतात. मला तिचं नाव यादीत हवंय की नको, हेच आता ठरवता येत नाही. मांडवात ती माईक घेऊन उभी होती ते डोळ्यांसमोरून जात नाही. कापणारा आवाज, तरी न थांबणारा. अशी बाई पंधरा वर्षं इंजिनरूममध्येच शोभेल, असंही वाटून जातं. मग वाटतं, आणि मी?

६ जानेवारी, बुधवार

यादी लागली. प्रेरणाचं नाव आहे.

तिचा मेसेज आला, 'निवड झाली.' मी अभिनंदन लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं. फोन केला तर बिझी. तासाभराने तिचा आला. रडून झाल्यासारखा आवाज, पण हसत होती. म्हणाली, मी बाबांशी बोलत होते. मी म्हटलं, मला फार आनंद झाला. तोंडातून निघाल्यावर कळलं की खरंच झालाय. ते जाणवून मी इतका गोंधळलो की पुढे सुचेना. ती म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही बोलायचंय?"

"नंतर निवांत बोलू," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तिच्या वडिलांसारखंच म्हणाली.

आईला सांगितलं. ती देवापाशी साखर ठेवून आली आणि तिने मलाही चिमूटभर दिली. मला वाटलं होतं ती रडेल.

९ जानेवारी, शनिवार

गुरुवारी आणि शुक्रवारी ड्युटी होती. आज परंदवडीला गेलो.

बजरंगभाऊ पहिली पाळी करून आले होते आणि हरभऱ्याला पाणी देत होते. मला बघून त्यांनी बारं मोडून पाणी दुसरीकडे वळवलं, हातपाय धुतले, ओट्यावर येऊन बसले. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा झाला असता आणि चहात विषय बदलला असता.

"भाऊ, मला नियम माहीत होता. ऑक्टोबरपासून. प्रेरणाने घरी सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. मामांच्या डोक्यात ते येईल असंही मला कळत होतं. मांडवात मी गप्प बसलो, ते घाबरून नाही. लग्न लागून जावं असं वाटत होतं मला."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"पोरीनं. त्याच सांजंला. तू खाली बगत हुतास ते तिनं बगितलंतं. मी म्हनलं, आत्ताच्या आत्ता मोडून येतो. तिनंच आडवलं. म्हनली, मानूस वाईट न्हाई, भितं लय. एक डाव त्याला सोताहून यिऊ द्या. हितं यील, तुमाला सांगंल."

माझ्या जिवात जीव आला. "मग आलो की, भाऊ."

त्यांनी मान हलवली. त्यांनाही अवघड जात होतं. "यादी बुधवारी लागली, सत्यम. ती म्हनली हुती, यादीच्या आत आला तर निवड हुवो न हुवो, माजं लगीन त्याच्यासंगं. यादीनंतर आला तर त्यो निकाल बगून आला. तसल्या मानसाच्या भरवशाव मी घर सोडून समुद्राव जानार न्हाई. पंदरा वरसं मागं कोन हाय, ते तिला ठावं पायजे." मग म्हणाले, "दर आयतवारी इचारायची, आलता का. मी न्हाई म्हनायचो."

त्यांची बहीण चिमाबाई आतून अंगठीची डबी आणि आम्ही दिलेली साडी घेऊन आली. साडीची घडी मोडलेली नव्हती. तिने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "च्या पिऊन जा." मी प्यालो. निघताना मी माझ्या बोटातली अंगठी काढून दिली.

घरी मामा आलेले. मांडवानंतर पहिल्यांदाच. डबी बघून त्यांनीच सुरू केलं, "मोडलं ना? मी म्हनलंच हुतं. पगार पक्का झाला की पोरींच्या डोक्यात हवा जाती."

हो म्हणालो असतो तर विषय मिटला असता. गावात तेच पसरलं असतं आणि माझ्यासाठी दुसरं स्थळ बघायला मामा लगेच उठले असते.

"त्यांनी नाही मोडलं," मी म्हणालो. "माझ्यामुळे मोडलं." आणि ऑक्टोबरपासून सगळं सांगितलं. पंधरा वर्षांचं, नियमाचं, मी मामांना रजेबद्दल जे मुद्दाम म्हणालो ते, रांगोळीकडे बघत बसलो ते. मामा मध्येच उठून गेले. आई शेवटपर्यंत ऐकत होती.

मी म्हणालो, "तुला धक्का बसेल म्हणून बोललो नाही. सून घरात पाहिजे होती तुला."

"पायजे हुती," आई म्हणाली. "म्हनून काय पोरीच्या पोटाव पाय दिला असता मी? तिची नोकरी जानार ठावं असतं, तर त्या मुंडावळ्या मी घरात येऊ दिल्या नसत्या." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि साडी कपाटात ठेवायला गेली. तिथूनच म्हणाली, "तुजा बाप बी ट्रकवर हुता. आट-आट दिस एकटी ऱ्हायलीय मी. मला इचारलं असतंस, तर मी तिला म्हनले असते, जा."